नासपती, दगड आणि मुद्रकाचं नाव

(आपल्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला अर्धा तास दिलाय आणि 'तुझ्या धंद्याबद्दल काहीतरी बोल' असं सांगितलंय. छापखान्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसानं धंद्याबद्दल बोलायचं म्हणजे कागदाचे भाव आणि बुडालेली उधारी. ते ऐकायला तुम्ही पुण्या-मुंबईहून इथवर आलेला नाहीत. तेव्हा धंद्याचीच, पण जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच्या पॅरिसमधली गोष्ट सांगतो. दगडावर छापलेल्या काही व्यंगचित्रांची ही गोष्ट आहे. ती काढणाऱ्याला शिक्षा झाली, विकणाऱ्याला झाली आणि छापणाऱ्यालाही झाली. या 'छापणाऱ्यालाही'मुळेच मी या विषयाकडे ओढला गेलो. इतिहासाच्या पुस्तकात चित्रकाराचं नाव असतं, राजाचं असतं. मुद्रकाचं नाव शोधावं लागतं.

आधी दगड. आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की छपाई म्हणजे उठावदार अक्षराला शाई लावून कागदावर दाबणं. शिळाछापात काहीच उठावदार नसतं. बव्हेरियात झोल्नहोफेन नावाच्या गावाजवळ एक चुनखडी सापडते, एकसारख्या बारीक पोताची. तिच्या गुळगुळीत केलेल्या लादीवर तेलकट खडूनं चित्र काढायचं. वरून डिंक आणि सौम्य आम्लाचं मिश्रण लावून दगड तयार करायचा. मग पाणी फिरवायचं. जिथं तेलकट खडू लागलाय तिथं पाणी ठरत नाही, बाकी दगड ओला होतो. आता तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्राला लागते. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्या एका गोष्टीवर हे सगळं चालतं. माझ्या ऑफसेट मशिनचंही तत्त्व तेच, फक्त दगडाच्या जागी ॲल्युमिनियमची प्लेट आली. अलोइस झेनेफेल्डर या माणसानं अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी म्युनिकमध्ये ही युक्ती शोधून काढली. आपल्याकडेही ती लवकर पोचली. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग छापलं. हे साल लक्षात ठेवा, पॅरिसमध्येही आपल्याला त्याच सालात जायचंय.

या दगडानं फ्रान्सच्या राजकारणात एवढी खळबळ का माजवली, ते छापखान्यात उभं राहिलं की कळतं. लाकडावर किंवा तांब्यावर कोरायचं तर वेगळा कारागीर लागायचा आणि दिवसच्या दिवस जायचे. दगडावर चित्रकार स्वतःच्या हातानं, कागदावर काढावं तसं काढतो. परवाची घटना आजच्या दुकानात टांगता येते. आणि चित्र वाचायला शाळेत जावं लागत नाही.

आता १८३०. त्या वर्षी जुलैच्या २७, २८ आणि २९ तारखेला पॅरिसच्या रस्त्यांवर लढाई झाली आणि दहावा चार्ल्स हा राजा गेला. त्यानं वर्तमानपत्रांचं तोंड बंद करणारे हुकूम काढले होते, ठिणगी तिथं पडली. त्याच्या जागी लुई फिलिप आला. हा स्वतःला नागरिकांचा राजा म्हणवून घ्यायचा. नव्या सनदेत स्पष्ट लिहिलं गेलं की सेन्सॉरशिप पुन्हा कधीही आणली जाणार नाही. 'कधीही' हा शब्द त्यात आहे. पुढची पाच वर्षं पॅरिसमध्ये याच शब्दावरून भांडण चाललं.

शार्ल फिलिपाँ हा लिऑनचा तिशीतला गडी. स्वतः बरा चित्रकार, पण त्याहून मोठा संपादक, आणि त्याहूनही मोठा दुकानदार. मेहुणा ओबेर याच्याबरोबर त्यानं पॅरिसच्या व्हेरो-दोदा या काचेच्या छताच्या गल्लीत चित्रांचं दुकान थाटलं. नोव्हेंबर १८३० मध्ये 'ला कारिकात्यूर' हे साप्ताहिक काढलं. वर्षाची वर्गणी ५२ फ्रँक. मजुराला ती झेपण्यासारखी नव्हती, पण दुकानाची काच फुकट होती. नवीन चित्र लागलं की काचेसमोर गर्दी. त्राव्हिएस नावाच्या त्याच्या चित्रकारानं त्या गर्दीचंच चित्र काढलं. लोक माना उंच करून पाहताहेत आणि खाली मथळा असा, की सरकारचं डोकं मोठं गमतीशीर आहे, हे कबूल करायलाच हवं.

पहिलं वर्ष संपलं तोच फिलिपाँ कोर्टात उभा होता. कारण ठरलेलं एक चित्र असं : राजासारखा दिसणारा एक गवंडी भिंतीवर गिलावा मारतोय, आणि गिलाव्याखाली जुलै १८३०च्या खुणा बुजत चालल्यात. बस, एवढंच. आरोप राजाच्या अवमानाचा. १४ नोव्हेंबर १८३१ रोजी सुनावणी झाली.

आपल्यातले जे दोन वकील पहिल्या रांगेत बसलेत, त्यांनी हा बचाव नीट ऐकावा. फिलिपाँनं हे नाकारलंच नाही की गवंडी राजासारखा दिसतो. त्यानं विचारलं, चित्रात राजाचं नाव आहे का? मुकुट आहे का? पदाची एखादी तरी खूण? निव्वळ चेहरा सारखा दिसतो म्हणून गुन्हा, असं म्हणत असाल तर तुम्ही कुठं थांबणार? असं म्हणून त्यानं चार आकृत्या दाखवल्या. पहिल्या आकृतीत लुई फिलिपचा चेहरा, गालफडं जड, कपाळ निमुळतं, डोक्यावर केसांचा तुरा. दुसरी आकृती पहिलीसारखी, पण गाल जरा जास्त फुगलेले. तिसरी दुसरीसारखी, पण आता नाक-डोळे सुरकुत्यांत विरघळलेले. चौथी तिसरीसारखी, आणि ती सरळसरळ नासपती होती, देठासकट. पहिल्यासाठी शिक्षा देणार असाल, तर दुसऱ्यासाठी द्यावी लागेल, मग तिसऱ्यासाठी, आणि मग बाजारातली प्रत्येक नासपती गुन्हेगार ठरवावी लागेल.

कोर्टानं सहा महिने कैद आणि दोन हजार फ्रँक दंड ठोठावला. खटला फिलिपाँ हरला. पण दहाच दिवसांत त्या चार आकृत्या 'ला कारिकात्यूर'बरोबर छापून बाहेर पडल्या आणि राजा उरलेलं आयुष्य नासपती झाला. (या चार आकृत्या इंटरनेटवर बऱ्याचदा दोमिएच्या नावावर सापडतात. कल्पना आणि मूळ रेखाटन फिलिपाँचं आहे, ते श्रेय त्यालाच असू द्यावं.) थॅकरे हा इंग्रज लेखक पुढं पॅरिसबद्दल लिहिताना सांगतो की शहरातल्या भिंतींवर खडूनं नासपत्या काढलेल्या असायच्या. चित्रकला न येणाऱ्या पोरालाही दोन रेघांत राजा काढता येऊ लागला. आणि पोलिसांनी पकडलं तर पोरानं म्हणायचं, साहेब, फळ आहे.

हे ऐकताना तुम्हाला आपला वर्ग आठवला असेल. आठवीत गणिताच्या तासाआधी कोणीतरी फळ्यावर घुबड काढलं होतं, चष्म्यासकट. सर आले, बघितलं आणि शांतपणे विचारलं, "हे कोण?" अख्खा वर्ग गप्प. 'घुबड' म्हणावं तर हसू फुटणार. दुसरं काही म्हणणं शक्यच नव्हतं. सरांनी खडू उचलला, घुबडाच्या चष्म्याच्या डाव्या काडीवर दोरा गुंडाळलेला काढला, कारण त्यांच्या खऱ्या काडीला तसा दोरा होता, आणि वर्गसमीकरणं शिकवायला सुरुवात केली. घुबड तास संपेपर्यंत तिथंच होतं. त्यानंतर ते पुन्हा कोणी काढलं नाही.

व्हिक्टर ह्यूगोनं 'ले मिझराब्ल' या कादंबरीत लुई फिलिपबद्दल अशीच एक हकीकत घातली आहे. एक पोरगा टाचा उंचावून फाटकाच्या खांबावर नासपती काढत होता. राजा तिथून चालला होता. त्यानं पोराला ती पूर्ण करून दिली आणि एक सोन्याचं नाणं हातावर ठेवलं. नासपती यावरही आहे, असं म्हणाला. खरं-खोटं ह्यूगो जाणे. पण राजाला विनोद कळत असला तरी त्याच्या सरकारी वकिलांना कळत नव्हता हे नक्की. जून १८३२ मध्ये फिलिपाँनं एका स्मारकाचा आराखडा छापला. ज्या चौकात सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला, त्याच चौकात उंच चौथऱ्यावर एक प्रचंड नासपती. सरकारनं याला राजाच्या खुनाची चिथावणी म्हटलं. फिलिपाँचं उत्तर असं, की फार तर मुरांबा करण्याची चिथावणी म्हणा!

डिसेंबर १८३२ पासून त्यानं 'ल शारिवारी' हे दैनिक सुरू केलं, रोज एक नवं चित्र. शारिवारी म्हणजे विजोड लग्न झालं की नवराबायकोच्या खिडकीखाली भांडी-डबे बडवून गोंगाट करण्याची तिकडची जुनी रीत. लंडनचं 'पंच' १८४१ साली निघालं, तेव्हा त्यानं स्वतःला 'लंडनचं शारिवारी' असं उपनाव घेतलं. पंचचं बघून मुंबईत १८५४ मध्ये 'पार्शी पंच' निघालं, त्याचंच पुढं 'हिंदी पंच' झालं. म्हणजे फोर्टातल्या व्यंगचित्रांचं मूळ शोधत गेलं तर एक फाटा व्हेरो-दोदाच्या गल्लीत पोचतो. असो. १८३४ च्या जानेवारीत 'शारिवारी'नं त्या चार नासपत्या पुन्हा छापल्या, दंडाचे पैसे उभे करायला. त्यानंतर कोर्टानं पत्राविरुद्ध दिलेला निकाल छापणं त्यांना भाग होतं. २७ फेब्रुवारीच्या अंकात निकाल छापला, शब्दन् शब्द. फक्त ओळी अशा कमी-जास्त लांबीच्या जुळवल्या की पानभर नासपती दिसावी. मी खिळे जुळवण्याच्या शेवटच्या दिवसांत धंद्यात आलो, म्हणून सांगतो, असा आकार हातानं जुळवायला कंपोझिटरला किती वेळ लागला असेल! तो माणूस कोण होता, नोंद नाही. त्याच्या हाताला माझा नमस्कार.

आता दोमिए. ऑनोरे दोमिए, जन्म १८०८, मार्सेयचा. बाप काचा बसवणारा, कविता करायच्या नादानं पॅरिसला आला आणि घर खंक झालं. पोरानं लहानपणी कोर्टाच्या बेलिफाकडे निरोप्याचं काम केलं. वकील, न्यायाधीश, आरोपी हे चेहरे त्यानं तिथं पाहिले ते जन्मभर पुरले. डिसेंबर १८३१ मध्ये त्याच्या एका चित्राची नोंद झाली : 'गार्गांतुआ'. हा राबेलेच्या कादंबरीतला महाकाय खादाड. राजाच्या वार्षिक तनख्याची चर्चा चालू होती तेव्हा. चित्रात नासपतीच्या डोक्याचा अजस्र राजा खुर्चीवर बसलाय. जमिनीपासून त्याच्या तोंडापर्यंत फळी लावली आहे. नोकर पाठीवर नाण्यांच्या टोपल्या घेऊन ती चढताहेत. खाली फाटके लोक टोपल्या भरताहेत. आणि ती खुर्ची साधी नाही, बसून मोकळं व्हायची आहे. तिच्याखाली पदव्या, नेमणुका, पदकं पडताहेत, आणि ती वेचायला जाडे अंमलदार जमलेत.

पोलिसांनी प्रती जप्त केल्या, दगडावरचं चित्र नष्ट करण्याचा हुकूम झाला. फेब्रुवारी १८३२ मध्ये तीन आरोपी उभे राहिले : चित्रकार दोमिए, विक्रेता ओबेर आणि मुद्रक दलापोर्त. तिघांनाही दोषी ठरवलं. सहा महिने कैद, पाचशे फ्रँक दंड. दोमिएची कैद आधी लांबणीवर पडली. तो गप्प बसला असता तर कदाचित टळलीही असती. पण त्यानं राजाच्या दरबारावर दुसरं चित्र काढलं. ऑगस्टच्या अखेरीस पोलीस त्याला आई-वडिलांच्या डोळ्यांदेखत घेऊन गेले. २४ वर्षांचा होता. सँत-पेलाजीच्या तुरुंगातून आणि नंतर एका डॉक्टरच्या इस्पितळवजा घरातून तो जानेवारी १८३३च्या अखेरीस सुटला.

मी दलापोर्तपाशी थांबतो. चित्र त्यानं सुचवलं नव्हतं, काढलं नव्हतं. दगड ओला करायचा, शाई लावायची, कागद ठेवायचा, दाब द्यायचा, हे त्याचं काम. पण छापलेल्या कागदाच्या तळाशी त्याचं नाव होतं. विक्रेत्याचं नाव, गल्लीचं नावही असायचं. पोलिसांना शोधावं लागायचं नाही, पत्ता चित्राच्याच खाली. आपल्याकडेही १८६७ च्या कायद्यानं पुस्तकावर, वर्तमानपत्रावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण द्यावं लागायचं. तुम्ही ती शेवटच्या पानावरची बारीक ओळ कधी वाचत नाही. मी वाचतो. आमच्या तालुक्यात एका निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात माझ्याकडे एक माणूस पत्रक घेऊन आला. मजकुरात खोटं काही नव्हतं, चित्र तर झकास होतं. म्हणाला, "छाप, दुप्पट देतो, फक्त खाली नाव नको." मी म्हटलं, नावासकट छापतो, नेहमीच्या दरात. तो पत्रक घेऊन निघून गेला. तेव्हा मला दलापोर्त माहीतही नव्हता. पुढं त्याच्याबद्दल वाचलं तेव्हा तो माणूस आठवला. निनावी चित्र काढायला आणि छापायला सोपं असतं. फिलिपाँच्या टोळीनं तो सोपा रस्ता घेतला नाही. त्यांची सगळी थट्टा नाव-पत्त्यासकट होती, म्हणूनच सरकारला तिला उत्तर देणं भाग पडायचं.

दंड भरायचे कुठून, हा प्रश्न होताच. फिलिपाँनं १८३२ मध्ये एक वर्गणीदार मंडळ काढलं. दरमहा एक फ्रँक द्या, एक मोठं, चांगल्या कागदावरचं चित्र मिळेल, आणि पैसा वृत्तपत्रांच्या खटल्यांना जाईल. आपल्या बॅचच्या भिशीसारखंच म्हणा ना, फक्त ज्याचा नंबर लागेल तो कोर्टात! दोन वर्षांत २४ चित्रं निघाली. त्यातली दोमिएची मोजकी चित्रं पाहिली की हा माणूस किती झपाट्यानं वाढला ते दिसतं. 'कायदेमंडळाचं पोट' या जानेवारी १८३४ च्या चित्रात सरकारी बाकांवरचे प्रतिनिधी ओळीनं बसलेत. कोणी डुलकी घेतंय, कोणी तपकीर ओढतंय, आणि अर्धवर्तुळाकार बाकांचा मिळून एकच ढेरपोटा आकार झालाय. या लोकांची दोमिएनं आधी मातीची छोटी डोकी केली होती, रंगवलेली. त्यांतली ३६ आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत. मातीत चेहरा वळवून पाहिलेला असल्यामुळे त्याच्या रेषेला वजन आहे. इतरांच्या व्यंगचित्रात नाक लांब केलेलं असतं, दोमिएच्या चित्रात त्या नाकामागे कवटी असते.

आणि मग एप्रिल १८३४.

लिऑनमध्ये रेशमाचे विणकर उठले. संघटना करण्यावर निर्बंध घालणारा कायदा आला होता. त्याचे पडसाद पॅरिसमध्ये उमटले, १३ तारखेला रस्त्यांत अडथळे उभे राहिले. १४च्या पहाटे त्रान्सनोनँ नावाच्या गल्लीत, बारा नंबरच्या घरावरून एका अधिकाऱ्यावर गोळी झाडली गेली असं म्हणून सैनिक त्या घरात शिरले. मजल्यामागून मजला, खोलीमागून खोली. झोपेतून उठलेली डझनभर माणसं मारली गेली.

दोमिएचं चित्र जुलैत तयार झालं, याच मंडळासाठी. साधारण २९ बाय ४४ सेंटिमीटर. एक खोली. पलंगाच्या कडेला टेकून जमिनीवर घसरलेला एक पुरुष, अंगात झोपायचा लांब सदरा, डोक्याला रात्रीची टोपी. त्याच्या अंगाखाली एक तान्हं मूल, त्याचं डोकं फुटलेलं. डावीकडे अंधारात एका बाईचे पाय आणि शरीर. उजव्या कडेला एका म्हाताऱ्याचा चेहरा. एक उलटलेली खुर्ची. गादीवरून ओघळलेली चादर. सैनिक नाही, बंदूक नाही, नासपती नाही. खाली फक्त गल्लीचं नाव आणि तारीख, १५ एप्रिल १८३४.

छपाईवाल्याच्या नजरेनं पाहा. त्या सदऱ्याचा पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. दोमिएनं तिथं खडू लावलाच नाही. सगळा खडू त्यानं भोवतीच्या अंधारावर वापरलाय, आणि तोही दगडाचा पोत दिसेल इतक्या हलक्या हातानं. गडद काळं फार थोडं आहे. उजेड त्या सदऱ्यावरच पडतो, दुसरीकडे बघता येत नाही. रोजच्या रोज चेहरे वाकडे करणाऱ्या माणसानं या चित्रात कोणाचाच चेहरा वाकडा केलेला नाही. कवी बोदलेरनं पुढं या चित्राला व्यंगचित्र म्हणायला नकार दिला, तो याला इतिहास म्हणाला. माझं मत थोडं वेगळं आहे. हे चित्र व्यंगचित्रकारच काढू शकला असता. सरकारी निवेदनात काय म्हटलंय आणि खोलीत काय पडलंय यांतलं अंतर दाखवणं, हेच त्याचं रोजचं काम होतं. या वेळी हसू काढून घेतलं, बाकी काम तेच.

चित्र ओबेरच्या काचेत लागलं. लोक जमले. पोलिसांनी दगड आणि मिळतील तेवढ्या प्रती जप्त केल्या. शिळाछापाचा दगड घासला की पुन्हा कोरा होतो, वाळू आणि पाणी टाकून एक दगड दुसऱ्यावर फिरवायचा. आमच्या धंद्यात ही काटकसर. पोलिसांच्या हाती गेली की पुरावा पुसायची सोय. तरी वर्गणीदारांकडे गेलेल्या काही प्रती वाचल्या, म्हणून आज आपल्याला ते चित्र माहीत आहे. ती गल्ली मात्र नकाशावर उरली नाही, पुढं बोबूर या रस्त्यात विलीन झाली.

पुढच्या वर्षी २८ जुलैला फिएस्की नावाच्या माणसानं २५ नळ्यांचं एक यंत्र खिडकीत ठेवून राजाच्या मिरवणुकीवर झाडलं. राजा वाचला, १८ माणसं मेली. सरकारला कारण मिळालं. सप्टेंबर १८३५ चे कायदे आले. दैनिकांच्या अनामतीची रक्कम पॅरिसमध्ये एक लाख फ्रँकांवर नेली, आणि प्रत्येक चित्राला छापण्याआधी परवानगी लागू झाली. मग सनदेतल्या त्या 'कधीही'चं काय? मंत्र्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. सनदेनं मतं छापण्याचं स्वातंत्र्य दिलंय. चित्र हे मत नव्हेच, ती कृती आहे, कारण ते डोळ्यांशी बोलतं. शब्द मोकळे, चित्रं बंद. व्यंगचित्रकाराला याहून मोठं प्रशस्तिपत्र कुठल्या राजानं दिलं नसेल. 'ला कारिकात्यूर' ऑगस्टअखेरच बंद झालं होतं.

'शारिवारी' चालू राहिलं, पण राजा काढता येईना. तेव्हा फिलिपाँ आणि दोमिएनं रंगभूमीवरचा एक लफंगा उचलला, रोबेर मॅकेर. १८३६ ते ३८ या काळात त्याची शंभर चित्रं आली. मॅकेर कधी बँक काढतो, कधी डॉक्टर होतो, कधी वकील, कधी वर्तमानपत्राचा मालक. पहिल्याच चित्रात तो साथीदाराला बँक काढायची कल्पना सांगतो. साथीदार घाबरून पोलिसांचं काय म्हणून विचारतो, तर मॅकेर म्हणतो, वेडा आहेस का, लक्षाधीशाला कोणी अटक करतं? राजा वगळला होता, पण त्याच्या राज्यात कोण श्रीमंत होतंय ते दिसत होतं. मार्क्सनं पुढं लुई फिलिपला गादीवर बसलेला रोबेर मॅकेर म्हटलं. म्हणजे परवानगी घेऊन छापलेल्या चित्रांतूनही नाव चिकटलं ते चिकटलंच.

१८४८ मध्ये राजा पळाला. वर्गणीतून वाचलेले हसले. दोन-चार वर्षं दगड मोकळे झाले, आणि डिसेंबर १८५१ मध्ये लुई नेपोलियननं सत्ता हिसकावली. पुन्हा परवानगी, शिवाय ज्याचं व्यंगचित्र काढायचं त्याचीही लेखी संमती. आंद्रे जिल नावाचा चित्रकार लोकांच्या हस्ताक्षरातल्या संमत्या चित्राखालीच छापायचा. त्याचं 'ला ल्यून', म्हणजे चंद्र, हे साप्ताहिक बंद केलं, तर त्यानं आणि सोबत्यांनी 'लेक्लिप्स' काढलं, म्हणजे ग्रहण. त्यात १८६८ मध्ये त्यानं एक कापलेलं खरबूज छापलं. नाव : श्रीयुत क्ष. सरकारनं खटला भरला, अश्लीलतेचा, आणि तो पुढं सोडून द्यावा लागला. नासपतीला ३७ वर्षं झाली होती आणि सरकारी वकिलांना अजून फळं ओळखू येत होती.

दोमिएनं सुमारे चार हजार दगडांवर चित्रं काढली. १८६० मध्ये 'शारिवारी'नं त्याला काढून टाकलं, तीन वर्षांनी परत घेतलं. १८७२ नंतर डोळ्यांमुळे दगड सुटला. १८७८ मध्ये मित्रांनी त्याच्या रंगचित्रांचं प्रदर्शन भरवलं, समितीचा सन्माननीय अध्यक्ष व्हिक्टर ह्यूगो होता. फेब्रुवारी १८७९ मध्ये वाल्मोंद्वा या गावी तो गेला.

फ्रान्समध्ये २९ जुलै १८८१ च्या कायद्यानं चित्रांची पूर्वपरवानगी शेवटी रद्द केली. हा कायदा मी मुद्दाम शोधून वाचला. पहिल्या कलमात छपाई मोकळी केली आहे. आणि लगेच दुसऱ्याच कलमात तेव्हा म्हटलं होतं की जे काही छापून लोकांसमोर येईल, त्यावर मुद्रकाचं नाव आणि पत्ता असला पाहिजे.

मागच्या टेबलावर पाच चित्रांच्या प्रती ठेवल्यात, मूळ आकारात. चार आकृत्या, निकालाची नासपती, गार्गांतुआ, कायदेमंडळाचं पोट आणि त्रान्सनोनँ गल्ली. शेवटची एका बाजूला ठेवली आहे, तिच्याभोवती गर्दी करू नका, एकेकानं जाऊन बघा. वकिलांचे प्रश्न चहानंतर घेतो.